डावा घास

रविवारी दुपारी यशोधनचा व्हिडिओ कॉल यायचा. माझ्या सासूबाई आधीच टेबलाशी येऊन बसलेल्या असायच्या, आणि लेकाचा चेहरा दिसला रे दिसला की पहिला प्रश्न, "जेवलास का?"

माणूस अंटार्क्टिकावर बसलाय. बाहेर उणे पन्नास. मे महिन्यात मावळलेला सूर्य ऑगस्टशिवाय उगवायचा नाही. आणि ह्यांना काळजी कसली, तर जेवणाची. मला आधी हसू यायचं, मग राग यायचा. वृंदाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या पुण्याच्या माहेरी आणि नागपूरच्या सासरी सगळ्यांना पाठ आहे.

"हो, जेवलो," यशोधन म्हणायचा, आणि मग सांगत सुटायचा. त्यांचं संशोधन केंद्र म्हणजे खांबांवर उभी असलेली एक लांबलचक इमारत, आत वीस-पंचवीस माणसं. नळाला पाणी नाही. बाहेरचा बर्फ फावड्यानं उपसून वितळवायच्या टाकीत ओतायचा, त्याची पाळी सगळ्यांना, मग तो शास्त्रज्ञ असो की स्वयंपाकी. आंघोळ आठवड्यातून दोनदा, तीही साबण लावेपर्यंत संपणारी. शास्त्रज्ञ मंडळी जुन्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासत बसतात, आणि माझा नवरा ह्या सगळ्यांना जिवंत ठेवणारे जनरेटर सांभाळतो. "इंजिन बंद पडलं की वीज गेली. वीज गेली की ऊब गेली, पाणी गेलं," तो सांगायचा. "म्हणजे घर मीच चालवतो म्हण ना." हे ऐकून मी दात-ओठ खायची, कारण इथलं घर कोण चालवत होतं ते त्यालाही माहीत होतं.

तो इथे, कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात बॉयलर आणि जनरेटरच बघायचा. "तेच इंजिन, तेच डिझेल," मी म्हटलं होतं, "मग त्यासाठी जगाच्या टोकाला कशाला जायचं?" "एकदा बघायचंय गं," एवढंच त्याचं उत्तर. हौसेला मोल नाही म्हणतात. फेब्रुवारीत तिथून शेवटचं विमान परत गेलं. आता नोव्हेंबरपर्यंत तिथे कुणी जाऊ शकत नाही आणि तिथून कुणी निघू शकत नाही. एवढ्या थंडीत विमान उतरतच नाही म्हणे.

माझी नोकरी घरून, सानिका नऊ वर्षांची, म्हणून आई, म्हणजे सासूबाई, नागपूरहून आल्या. आल्या दिवसापासून त्यांचं आणि सानिकाचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. सानिका डावखुरी आहे. चमचा असो, पेन असो, हर्लिंग ह्या आयरिश खेळाची काठी असो, डाव्याच हातात. आणि आईंना डाव्या हाताचा घास म्हणजे घरात साप शिरल्यासारखं.

"डावा हात खाली घे. त्यानं काय करतात माहीत आहे ना? उजव्यानं जेव."

"आजी, इट्स जस्ट अ हँड," सानिका कॉर्कच्या हेलात म्हणायची.

"काय बोलून राहिली ही?"

"आई, जेवू द्या तिला," मी म्हणायची. मग आमचं वाजायचं. हे रोजचं होतं, मीठ-चटणीसारखं.

जुलैत एका सोमवारी फोन आला. केंद्राच्या युरोपातल्या ऑफिसातली बाई बोलत होती. आवाज इतका मऊ होता की मला पहिल्या वाक्यातच समजलं, काहीतरी वाईट आहे. तुमच्या पतीच्या हाताला इजा झालीय, जिवाला धोका नाही, उद्या त्यांच्याशी बोलणं करून देऊ.

दुसऱ्या दिवशी मी "दूध आणते" म्हणून बाहेर पडले आणि गाडी रिंगास्किडीच्या फेरी टर्मिनलपाशी लावून त्याचा कॉल घेतला. तो पलंगावर होता. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला, उशीवर ठेवलेला. शेजारी केंद्राची एकमेव डॉक्टर, मार्टा, पोलंडची बारीक चणीची बाई, टॅबलेट धरून उभी.

"काही नाही गं," तो म्हणाला. "बाहेरच्या टाकीतून डिझेल आत घ्यायचं असतं ना, त्या पाइपचा जोड गळत होता. जाड हातमोज्यातून नट हाताला लागत नाही. काढला वरचा मोजा."

कुठलाही मेकॅनिक हेच करतो. नट बोटांना कळला पाहिजे, हा त्याचा धर्म. पण तिथलं डिझेल गोठू नये असंच बनवलेलं असतं. ते पातळ राहतं आणि बाहेरच्या हवेइतकंच गार असतं. अंगावर सांडलं की कातडी आणि मांस जागच्या जागी गोठतं. ते त्याच्या हातावर सांडलं, आणि हा शहाणा त्याच हातानं जोड पूर्ण आवळेपर्यंत तिथे उभा राहिला. जोड सुटला असता तर इंजिनाला डिझेल मिळालं नसतं.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "तिचं बीपी. तुला माझी शपथ आहे."

आपल्याकडे हा नियमच आहे. म्हाताऱ्यांना सांगायचं नाही, आणि लांब असणाऱ्यांना सांगायचं नाही. माझ्या बाबांचं ऑपरेशन झालं, हे मला ते हिंडायला-फिरायला लागल्यावरच कळलं होतं. तेव्हा मी सगळ्यांना फाडून खाल्लं होतं. आणि आता मी मान डोलावली. दुधाचा कॅन घेऊन घरी आले आणि आईंना म्हटलं, "तिकडे वादळ आहे. काही दिवस लिंक नसेल."

"बरं," आई म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या.

शुक्रवारी डॉक्टर मार्टानंच मला बोलावून घेतलं. मी परत गाडीत, परत फेरी टर्मिनलपाशी. काचेवर पाऊस आडवा लागत होता. ती म्हणाली, नुसतं गोठलेलं असतं तर वाट बघितली असती, पण हातात जंतू शिरलेत. चार बोटं गेलेलीच आहेत. ती आत्ता काढली तर अंगठा आणि तळवा वाचेल. मी करू शकते. दुसऱ्या टोकाला व्हिडिओवर एक सर्जन असेल. पण तुमचे पती नाही म्हणतात.

तिनं टॅबलेट त्याच्याकडे वळवला.

"कोण कापणार?" यशोधन म्हणाला. "ही. आणि मदतीला कोण, तर आमचा स्वयंपाकी. मला कॉर्कच्या हॉस्पिटलात येऊ दे, तिथले लोक वाचवतील बोटं."

"नोव्हेंबरमध्ये?"

"इमर्जन्सीत विमान पाठवतात."

"नाही पाठवत. पाठवताच येत नाही. तूच मला सांगितलंस फेब्रुवारीत."

"वृंदा, मी हातावर पोट भरणारा माणूस आहे. चार बोटं कापून मी काय करू? गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहू?"

मी त्याला हट्टी म्हटलं, स्वार्थी म्हटलं. तुझी हौस झाली आणि आम्ही इथे मेलो, असंही म्हटलं. एवढं बोलून झाल्यावर दिसलं की त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं डाव्या हातानं पडद्यावर चापट मारली आणि कॉल बंद झाला.

शनिवार गेला. रविवार गेला. टेबलाशी कुणी येऊन बसलं नाही. आईंनी विचारलं, "आली का गं लिंक?" मी म्हटलं, "नाही, वादळ." "बरं," आई म्हणाल्या. मला वाटायचं, सांगून टाकावं. तोंडापर्यंत यायचं. मग त्यांच्या गोळ्यांची डबी दिसायची आणि त्याची शपथ आठवायची, आणि मी लॅपटॉप उघडून कोडच्या ओळींकडे बघत बसायची. एकही ओळ वाचता यायची नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. देवाला मी मानत नाही, आणि त्या दिवसांत मानावं असं कुणीच हाताशी नव्हतं.

मंगळवारी डॉक्टर मार्टा टॅबलेट घेऊन खोलीबाहेर आली आणि माझ्याशी एकटीच बोलली. अंगठाही गेला. लाली मनगटाच्या वर चढतेय, ताप उतरत नाही. आता बोटांचा प्रश्न राहिला नाही, मनगटापासून हात काढायला हवा. नाही काढला तर विष रक्तात भिनेल. "मी जबरदस्ती करू शकत नाही," ती म्हणाली. "तो शुद्धीत आहे आणि नाही म्हणतो. शुद्ध गेली तर मी त्याला न विचारता करीन. पण तेव्हा फार उशीर झालेला असेल. तुमच्याशिवाय तो कुणाचं ऐकतो?"

माझंच तो ऐकत नव्हता. तिनं टॅबलेट आत नेला, मी त्याला विनवलं, सानिकाची शपथ घातली, अक्षरशः स्टिअरिंगवर डोकं आपटलं. त्याचे डोळे तापानं चमकत होते. "विमान येतंय," तो म्हणाला. "मला आवाज आला मघाशी." बाहेर महिनोन्‌महिने अंधार, आणि हा विमानाचा आवाज ऐकत होता. मी हरले होते. नवरा माझ्या डोळ्यांदेखत मरणार आणि मी ते गाडीत बसून, चोरून बघणार, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

घरी आले. सानिकाला शाळेची सुट्टी होती, ती मागे अंगणात पावसातच भिंतीवर चेंडू मारत होती. मी चिंब भिजले होते म्हणून टॉवेल घ्यायला हॉट प्रेस उघडला. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपाट असतं, कपडे उबदार राहतात, त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेलांच्या मागे माझं मोठं पातेलं होतं. पातेल्यात पाणी, आणि पाण्यात बुडलेले देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पितळी गणपती, आईंनी नागपूरहून हॅण्डबॅगेत घालून आणलेले सगळे.

देव पाण्यात घालून बसणं हे मी आजवर फक्त बोलण्यात वापरलं होतं. रिझल्टच्या वेळी, व्हिसाच्या वेळी. खरोखर पाण्यात घातलेले देव मी पहिल्यांदा बघत होते. जिवावरचं संकट असेल तेव्हाच घालतात, आणि ते टळेपर्यंत बाहेर काढत नाहीत.

आई मागे येऊन उभ्या होत्या.

"स्वयंपाकघरात पाणी फार गार होऊन जाते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ह्यांना तरी थंडी नको."

"कधीपासून?"

"त्या मंगळवारपासून."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगेल? दूध आणायला गेलीस आणि दोन तासांनी आलीस. आणि मग मला उलट बोलणंच सोडलंस तू. मी पोरीला डाव्या हातावरून बोलत होते, तू गप. भाजीत मीठ जास्त घातलं मुद्दाम, तरी गप. तेव्हाच समजलं मला, माझ्या पोट्ट्याचं काहीतरी झालं."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस," आई म्हणाल्या. "मग मला ऐकावं लागलं असतं."

मी तिथेच, हॉट प्रेससमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पाइपचा जोड, डिझेल, बोटं, मनगट. आई कपाटाचं दार धरून उभ्या राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "फोन लाव."

"त्यानं शपथ घातलीय मला."

"माझ्यापेक्षा मोठी आहे का त्याची शपथ? लाव."

ऑफिसातल्या त्या मऊ बाईला मी भांडून भांडून लिंक मागितली. फोन टेबलावर टेकवला. पडदा उजळला आणि यशोधन दिसला. आठवड्यात गाल बसले होते. आई समोर दिसताच त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरा कुठला दिवस असता तर मी खाली मान घातली असती.

आईंनी पदर सारखा केला. हाताकडे बघितलं नाही.

"जेवलास का?"

तो "हो" म्हणायला गेला. 

"नाही," तो म्हणाला. बारा वर्षांत मी त्या प्रश्नाला हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं.

"का?"

"हात नाही चालत. लोक भरवतात. मला नाही जात, आई, दुसऱ्यानं भरवलेलं."

"डाव्यानं जेव मग."

तो हसल्यासारखं करायला गेला आणि रडायलाच लागला. "डाव्यानं? तू? तू तर बोटांवर पट्टी मारायचीस."

"मारायची. हात बांधायची तुझा. जेवताना नाडीनं बांधायची खुर्चीला." आई माझ्याकडे वळल्या नाहीत, पण हे त्या मलाही सांगत होत्या. "हा डावखुराच होता. पोरीनं कुठून घेतलं असेल? शाळेत जायच्या आधी मी त्याचा डावा मोडून उजवा केला. लोक काय म्हणतील म्हणून." मग पडद्याकडे बघून, "यशू, तो उजवा हात मी लावलेला आहे. मीच सांगून राहिले, जाऊ दे त्याला. तुझा खरा हात आहे ना शाबूत. त्यानं कर काय करायचं ते."

"आई, मी काय काम करू एका हातानं?"

"ते मला नाही माहीत. मला काम करणारा नको, मुलगा पाहिजे. हात नसलेला चालते मला. तू नसलेला नाही चालत."

त्यानं उशीवरच्या गुंडाळलेल्या हाताकडे बघितलं. 

"दुखेल गं," तो म्हणाला, सानिकाच्या वयाच्या पोरासारखा.

"दुखेल," आई म्हणाल्या. "मी इथे बसले आहे. उठणार नाही."

त्यानं मान वळवून डॉक्टर मार्टाला इंग्रजीत सांगितलं, करा. ती टॅबलेट टाकून धावलीच असावी, कारण नंतर आम्हाला फक्त छत दिसत राहिलं.

आई खरंच उठल्या नाहीत. पाणी प्यायल्या नाहीत, गोळी घेतली नाही. मी हात धरायला गेले तर झिडकारला. त्यांचं तोंड मिटलेलं होतं आणि गळ्याची शीर उडत होती. मला एकदा वाटलं, मुलगा तिकडे जाईल आणि आई इकडे, आणि मी दोघांच्या मध्ये हा फोन घेऊन उभी असेन. सानिका आत आली, आमच्याकडे पाहून काही न विचारता आजीच्या पायाशी बसली.

फोन वाजला तेव्हा उचलायची माझी हिंमत होईना. आईंनीच बोट लावलं. डॉक्टर मार्टा होती, टोपीखाली केस घामानं चिकटलेले. हात मनगटापासून गेला. तो आहे. ताप उतरायला वेळ लागेल, पण तो आहे. स्वयंपाकी शेवटपर्यंत उभा राहिला, मग बाहेर जाऊन ओकला.

आईंना इंग्रजी कळत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि टेबलावर डोकं टेकलं.

मला रडायला यायला हवं होतं. मला राग आला. "शुक्रवारी हे झालं असतं तर अंगठा राहिला असता," मी म्हणाले. "तळवा राहिला असता. मी तुमच्यापासून लपवलं, तुम्ही माझ्यापासून लपवलंत, आणि त्याचा अंगठा गेला आपल्या दोघींच्या भल्या वागण्यात."

 

ताप उतरल्याचा निरोप रविवारी सकाळी आला. मी खाली आले तेव्हा हॉट प्रेस उघडा होता, पातेलं रिकामं, आणि देव कोरड्या फडक्यावर ओळीनं पुसून ठेवलेले. स्वयंपाकघरात आई आणि सानिका समोरासमोर बसल्या होत्या. दोघींच्या ताटात वरण-भात. आईंचा उजवा हात मांडीवर होता, पदराच्या टोकानं बांधलेला.

त्यांनी डाव्या हातानं भात कालवला. घास उचलला, तो तोंडापर्यंत जायच्या आधीच ताटात सांडला. वरण मनगटावरून ओघळलं. सत्तर वर्षांच्या बाईला लहान मुलाइतकंही जमत नव्हतं.

"हे बघितलं की त्याला एकट्याला लाज नाही वाटणार," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दुपारी फोन येईल. त्याच्या आत शिकून घेते."

"नो, आजी," सानिका म्हणाली. "यू पुश इट इन विथ युअर थंब. लाइक धिस."

आईंनी नातीच्या अंगठ्याकडे नीट बघितलं. पुन्हा घास केला, पुन्हा सांडला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नव्हता, म्हणून ते तसंच राहू दिलं.

"पुन्हा दाखव," त्या म्हणाल्या.